तापीच्या काठाने चार दिवस

आपल्या घरांत प्रवास होतो तो बहुधा कारणाने. कुणाचा निकाह, कुणाची मय्यत, नाशिकच्या दवाखान्यातली तारीख, मुलाच्या प्रवेशाची धावपळ. गाडी घाईत निघते, रात्री पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे म्हणून लगेच परत फिरते. वाटेत काय काय लागले असे विचारले तर घरातल्या बायकांना सांगता येत नाही. त्या मागच्या सीटवर मांडीवर मूल आणि पायाशी डबे घेऊन बसलेल्या असतात. आमच्या दादींनी जळगाव ते बुऱ्हाणपूर हा रस्ता आयुष्यात तीसेक वेळा तरी केला असेल. पण बुऱ्हाणपूरची जामा मस्जिद त्यांनी कधी आतून पाहिली नव्हती. नात्यातले घर, तिथले स्वयंपाकघर आणि परतीची गाडी, एवढेच त्यांचे बुऱ्हाणपूर होते.

बिनकारणाचा, फक्त पाहण्यासाठी केलेला प्रवास म्हणजे पैशांची उधळपट्टी, असा समज आपल्यात खोल रुजला आहे. कुरआनात मात्र जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्यासाठी विमानातच बसावे लागते असे नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही घरातल्या सात जणांनी जळगावहून निघून तापीच्या काठाने बुऱ्हाणपूर, यावल, चोपडा, थाळनेर, धुळे आणि परत जळगाव असा चार दिवसांचा फेरा केला. एकूण अंतर साधारण पाचशे किलोमीटर. त्याची आखणी कशी केली आणि त्यातून काय मिळाले, ते वाचक भगिनी-बंधूंना उपयोगी पडेल म्हणून इथे मांडत आहोत.

इंग्लंडचा रस्ता आणि आपला रस्ता

या सफरीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. आमचे एक नातलग कुटुंब तिकडे स्थायिक आहे. सुट्टीत ते भाड्याची गाडी घेऊन गावोगाव हिंडतात आणि त्याचे व्हिडिओ पाठवतात. दोन्ही बाजूंना हिरवी कुंपणे, चुना न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेले शेतांचे बांध, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून गाडी आली की एकजण बाजूच्या मोकळ्या जागेत थांबतो, हात करतो आणि दुसऱ्याला वाट देतो. आमची मुले ते व्हिडिओ पाहून हरखून गेली. तिकडेही गाडी डाव्या बाजूनेच चालते आणि आपला परवाना पाहुण्याला बारा महिने चालतो, हे कळल्यावर तर मोठ्या मुलाने नकाशाच काढला.

मग घरात हिशेब झाला. सात व्हिसे, सात तिकिटे, तिथले भाडे. तेवढ्यात घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब पडला असता. बेत तिथेच मिटला. पण आमच्या धाकट्या लेकीने एक प्रश्न विचारला आणि त्याला कुणाकडेच चांगले उत्तर नव्हते. “ते लोक आपल्याच देशात फिरतात ना? मग आपण आपल्याकडे का नाही फिरत?”

खरेच, इंग्लंडच्या त्या सहलींचे गुपित केवळ देखाव्यात नाही. त्यांनी आपला गावरान मुलूख पाहण्याजोगा आहे असे ठरवले आणि मग तो जपला. जुनी घरे, शेते, किनारे सांभाळण्यासाठी नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ साली निघाली. १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे त्यांचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ डोळ्यांसमोर येतो. तिकडच्या उद्यानात मात्र गावे आहेत, मेंढ्या आहेत, शेती चालू आहे. खासगी शेतातून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर कुणालाही चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. वळणावर पाटी असते, गावात चहाचे दुकान असते, स्वच्छतागृह असते. प्रवाशाला फारसे काही ठरवावे लागत नाही.

आपल्या खानदेशात पाटी नाही, पण पाहण्यासारखे कमी नाही. फरक एवढाच की आखणी आपल्यालाच करावी लागते. त्यांची पद्धत मात्र आम्ही उचलली. अंतर थोडे ठेवायचे, महामार्गापेक्षा आतला रस्ता धरायचा, प्रत्येक गावात उतरायचे आणि संध्याकाळ झाली की गाडी बंद.

सर्वांचा मशवरा

आखणीला आम्ही एका रात्री जेवणानंतर बसलो. प्रत्येकाने एकच जागा सुचवायची आणि ती का, हे सांगायचे, असा नियम केला. अब्बांनी बुऱ्हाणपूर सांगितले. मोठ्या मुलाने थाळनेर, कारण फारूकी सुलतानांच्या कबरी तिथे आहेत असे त्याने वाचले होते. धाकटीला डोंगर हवा होता. अम्मींना तापीचा घाट. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं माहेर रस्त्यातच आहे. थांबलात तर थांबा.” यावलजवळच्या त्या गावी दादींचे कुणी उरलेले नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत तिथे जायला कारणच नव्हते.

त्या एका वाक्याने सगळा मार्ग ठरला. महामार्गाने जाऊन महामार्गाने परत न येता सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता धरायचा.

मग बारीक गोष्टी ठरल्या. बहुतेक वेळा सहलीचा आनंद किंवा त्रास याच गोष्टींवर अवलंबून असतो.

पहिली गोष्ट बसण्याची. सात आसनांच्या गाडीत तिसरी रांग नेहमी बायकांच्या आणि पोरांच्या वाट्याला येते. आम्ही रोज जागा बदलायच्या ठरवल्या. दादींची खिडकी पक्की, पुढची सीट पहिल्या दिवशी अम्मींची. नकाशा पाहून रस्ता सांगण्याचे काम मोठ्या लेकीकडे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकाची. चार दिवस घरातल्या बाईने चूल पाहायची नाही. वाटेत खाण्यासाठी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी आणि खजूर घेतले. ते बांधण्याचे काम मुलांनी केले. आतल्या रस्त्यावर हलालची खात्री देता येत नाही. तिथे सरळ शेवभाजी, भाकरी, वरण-भात खावे. खानदेशात त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट नमाज आणि स्वच्छतागृह. प्रत्येक गावच्या मस्जिदीत बायकांसाठी वुजूची आणि नमाजची सोय असतेच असे नाही. निघण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणच्या ओळखीच्या लोकांना फोन करून विचारून ठेवले. गाडीत दोन चटया आणि वुजूसाठी पाण्याचे कॅन ठेवले. कसर कुठून लागू होते हे आपल्या इमाम साहेबांना आधीच विचारून घ्यावे, म्हणजे वाटेत वाद होत नाही. स्वच्छतागृहासाठी मोठा पेट्रोल पंप दिसला की गरज असो-नसो, थांबायचे. घरातल्या बायका तहान मारून, पाणी न पिता प्रवास करतात आणि मग आजारी पडतात. हे थांबवायचे असेल तर थांबे आधी ठरवावे लागतात.

चौथी गोष्ट वेळ. फजरनंतर निघायचे आणि मगरिबच्या आधी मुक्कामी पोहोचायचे. हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या, केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. रात्री गाडी चालवून वाचवलेले दोन तास जिवावर बेतू शकतात.

ऋतूही पाहून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढूच नये. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. गाडीची कागदपत्रे, फास्टॅग, स्टेपनीतली हवा, दादींची साखरेची आणि रक्तदाबाची औषधे, सगळ्यांची ओळखपत्रे ही यादी दारावर चिकटवली होती. निघताना मुलांनी एकेक ओळ खोडली.

पहिला दिवस: बुऱ्हाणपूर

शुक्रवार सकाळ. जुम्याची नमाज बुऱ्हाणपूरला मिळावी म्हणून हाच दिवस निवडला. भुसावळ सोडून तापी ओलांडली की मुलूख बदलतो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, डाव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ. फैजपूरला आम्ही चहाला उतरलो. डिसेंबर १९३६ मध्ये इथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. शहर सोडून खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. मुलांना हे पुस्तकातून ठाऊक होते, पण ते फैजपूर म्हणजे हेच, हे आता कळले. पुढे सावदा, रावेर आणि मग मध्य प्रदेशची हद्द.

बुऱ्हाणपूर आज दुसऱ्या राज्यात असले तरी जुन्या खानदेशची ती राजधानी. १३७० साली फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारूकी याला थाळनेरचा प्रदेश दिला. १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि फारूकी घराण्याने पुढे १६०१ पर्यंत, अकबराने असीरगड घेईपर्यंत, खानदेशावर राज्य केले. मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तापीकाठी हे शहर वसवले आणि खुल्दाबादचे सूफी शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. समोरच्या काठावरचे जैनाबाद हे शेख जैनुद्दीन यांच्या नावाचे.

जामा मस्जिद सुलतान आदिलशाह फारूकीने, म्हणजे राजा अली खानाने बांधली. आतला अरबी शिलालेख हिजरी ९९७ चा आहे. त्याच मस्जिदीत देवनागरी लिपीतला एक संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन करून तो सुरू होतो, फारूकी घराण्याची वंशावळ सांगतो आणि मस्जिदीच्या उभारणीचा काळ विक्रम संवत, शके, तिथी, नक्षत्र अशा हिशेबात देतो. ज्यांना अरबी येत नाही त्या रयतेच्या विद्वानांनाही हे वाचता यावे, असे त्या सुलतानाला वाटले असेल. नमाजची गर्दी ओसरल्यावर देखरेख करणाऱ्यांची परवानगी घेऊन घरातल्या बायकांनाही आम्ही आत नेले. लेकीने तो लेख पाहिला आणि अक्षरे जुळवत दोन शब्द मोठ्याने वाचले. मस्जिदीच्या भिंतीवरची अक्षरे शाळेतल्या पोरीला वाचता येतात, याचे दादींना फार नवल वाटले.

शाळेत, क्रिकेटच्या मैदानावर आपल्या मुलांना कधी ना कधी कुणीतरी विचारतेच, “तुम्ही मूळचे कुठले?” विचारणारा बरेचदा भोळेपणाने विचारतो, कधी टोचून विचारतो. या प्रश्नाचे उत्तर मुलांना पाठ करून देण्याने काही होत नाही. ते त्यांना जागेवर नेऊन दाखवावे लागते. ही भिंत आम्हाला या सगळ्या सफरीत मोलाची वाटली ती त्यासाठी.

संध्याकाळी अम्मींचा घाट. नदीकाठी शाही किल्ल्याची उंच भिंत, खाली तापीचे संथ पाणी. रात्री मावा जलेबी. काळपट, जाड आणि एवढी गोड की एकात दोघांनी भागावे. साखरेच्या रुग्णांनी नुसती पाहावी.

दुसरा दिवस: पाणी, आणि एका आईची कबर

सकाळी कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, जहाँगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या देखरेखीखाली ही पाण्याची योजना झाली. हिंदी दोह्यांसाठी ओळखले जाणारे रहीम ते हेच. इराणात जमिनीखालून पाणी आणण्याची जी जुनी रीत आहे तिला कनात म्हणतात. त्याच रीतीने इथे सातपुड्यातून जमिनीत मुरून तापीकडे वाहणारे पाणी भुयारात गोळा केले आणि उताराने शहराकडे आणले. पंप नाही, मोट नाही. वर ओळीने विहिरींसारखी तोंडे दिसतात, त्या कुंड्या. खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवलेली आहे. ती चालू आहे का ते आधी विचारून जावे. ज्यांना श्वासाचा त्रास आहे किंवा बंद जागेची भीती वाटते त्यांनी वरच थांबावे.

यावल-रावेरकडच्या वाचकांनी हे मुद्दाम पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्याला बझाडा म्हणतात, त्यातून पावसाचे पाणी सहज आत मुरते. आपल्या केळीच्या विहिरी त्याच पाण्यावर चालत आल्या. आज बोअर दर वर्षी खोल जातात. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी पाणी उपसण्याऐवजी ते ज्या वाटेने येते ती वाट ओळखली होती. अब्बा शेतकरी, ते तिथे बराच वेळ उभे होते.

मग नदीपलीकडे जैनाबादकडे. मुमताज महलचा इंतकाल आग्र्यात झाला नाही, तो जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात झाला. शाहजहानची स्वारी दख्खनच्या मोहिमेवर होती आणि चौदाव्या बाळंतपणात ती गेली. सुरुवातीला तिला इथल्या आहूखाना बागेजवळ दफन केले आणि त्याच वर्षाअखेर जनाजा आग्र्याला हलवला. आज तिथे पडक्या इमारती आहेत, गर्दी नाही. ताजमहालसमोर फोटो काढायला रांग लागते. इथे मात्र बादशाहाची बेगम नव्हे, एक दमलेली आई आठवते. अम्मींनी तिथे हात उचलून दुआ मागितली, मुमताजसाठी आणि गावाकडच्या दोन ओळखीच्या बायकांसाठी, ज्या अशाच गेल्या. घरातल्या तरुण मुलांनी बाळंतपणाविषयी असे उघड बोललेले प्रथमच ऐकले असावे. सहलीत अशा गोष्टी निघतात, घरात निघत नाहीत.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचा असीरगड आणखी एक दिवस ठेवून करावा. डोंगरात रमणाऱ्यांनी रावेरहून पालला जावे, यावल अभयारण्यातले ते थंड हवेचे ठिकाण आहे. आम्ही दुपारी तिकडे वळलो आणि धाकटीला तिचा डोंगर मिळाला.

दादींचे माहेर

संध्याकाळच्या आत यावलजवळच्या त्या गावी पोहोचलो. दादींचे घर जिथे होते तिथे आता दुसऱ्यांचे सिमेंटचे घर आहे. मागच्या मळ्यात केळी आहे आणि जवळून हतनूर धरणाच्या कालव्याचे पाणी वाहते. त्यांच्या लहानपणी हा पाट नव्हता. घराच्या मालकीणबाई आधी बिचकल्या. जुने लोक जमिनीचा दावा घेऊन आले की काय, असे त्यांना वाटले असणार. दादींनी त्यांना सांगितले, “ताई, मला काही नको. ओट्यावर दोन मिनिटं बसू द्या.” मग खुर्ची आली, पाणी आले, चहा आला. शेजारच्या एक म्हाताऱ्या पाटलीणबाई काठी टेकत आल्या आणि दादींना त्यांच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. ते नाव आमच्यापैकी कुणीही कधी ऐकले नव्हते. दोघी अहिराणी वळणाच्या बोलीत इतक्या भरभर बोलत होत्या की मुलांना अर्धे कळले नाही.

निघताना त्या बाईंनी ओटीत घालावे तसे दादींच्या पदरात हिरव्या वांग्यांची पिशवी टाकली. “भरीत कर,” म्हणाल्या. आम्ही त्या रात्री यावलला नातेवाइकांकडे उतरलो. चार दिवस चूल नाही हा नियम तिथे दादींनी स्वतःच मोडला. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली गेली. कळण्याच्या भाकरीबरोबर सगळ्यांनी ते खाल्ले.

तिसरा दिवस: थाळनेर

यावल एकेकाळी देशी कागदासाठी आणि निळीसाठी ओळखले जाई, एरंडोलही कागदासाठी. कागद करणाऱ्यांना कागजी म्हणत. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो हुन्नर गेला, आडनाव राहिले. यावल, अडावद, चोपडा हा रस्ता आमच्या सगळ्या फेऱ्यातला सर्वांत देखणा भाग. उजवीकडे सातपुडा सोबतीला असतो. पायथ्याच्या गावांत तडवी बांधवांची वस्ती आहे. इस्लाम आणि डोंगरातली जुनी जीवनरीत या दोन्ही गोष्टी त्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या आहेत. वेळ असेल तर अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे पाहावेत.

थाळनेर हे शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. फारूकींची पहिली राजधानी. मलिक राजा १३९९ मध्ये वारला आणि इथेच त्याचे दफन झाले. त्याच्या घराण्यातल्या इतर सुलतानांच्या कबरीही इथे आहेत. घुमटांच्या या समूहात एक अष्टकोनी दगडी इमारत आहे, तिची नक्षी जवळ जाऊन पाहावी. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण असले तरी तिथे ना दुकान आहे ना वाटाड्या. मुलांनी एकेका कबरीवरचे कोरीव काम वहीत उतरवून घेतले.

मलिक राजाने मरण्यापूर्वी वाटणी केली होती. थोरल्या नसीरला लळिंग, धाकट्या हसनला थाळनेर. पुढे १४१७ मध्ये थोरल्याने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन धाकट्याचे थाळनेर काढून घेतले. अब्बा हे ऐकून हसले. म्हणाले, “सातबाऱ्याची भांडणं तेव्हापासूनचीच!” हसण्यावारी गेले, पण दोन भावांचे घुमट आणि किल्ले आज सारखेच ओस आहेत, हे मुलांच्या नजरेतून सुटले नाही.

नदीकाठचा किल्ला आता फारसा उरलेला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपने तो घेतला. दरवाजात झालेल्या चकमकीत त्याचे अधिकारी मारले गेले, तेव्हा आतल्या सुमारे तीनशे शिपायांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली. शिपायांत बहुतेक अरब होते. ज्या देशाच्या शांत, हिरव्या रस्त्यांवर आमची मुले भाळली होती, त्याच देशाची माणसे इथे अशी आली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मुलांना माहीत असाव्यात. थाळनेरची आणखी एक ओळख गावात कुणीही सांगेल. लता मंगेशकर यांचे हे आजोळ.

शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्ग लागतो. वाटेत तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे सोनगीर आहे. अम्मींनी तिथे एक तांब्या घेतला. मुक्काम धुळ्यात.

चौथा दिवस: धुळे आणि परत

जुन्या धुळ्यापासून वेगळी, सरळ रेघेतल्या गल्ल्यांची नवी पेठ वसली ती १८१८ नंतर, कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात. गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत, त्यामुळे धुळ्यात पत्ता विचारणे सोपे. राजवाडे संशोधन मंडळातला जुना संग्रह पाहण्यासारखा आहे. सुट्टीचा दिवस कोणता ते आधी विचारावे. शहराच्या दक्षिणेला महामार्गावरच लळिंगचा किल्ला दिसतो, तोच नसीरच्या वाट्याचा. जवळच लांडोर बंगला आहे. धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे थांबले होते. आम्ही किल्ला खालूनच पाहिला आणि मुले अर्ध्यापर्यंत चढून आली.

परतीला पारोळ्याचा भुईकोट, मग एरंडोल तालुक्यातले फरकांडे. तिथल्या पडक्या मस्जिदीचे झुलते मनोरे प्रसिद्ध आहेत. एक हलवला की दुसरा हले, असे लोक सांगतात. त्यातला एक आता कोसळला आहे. उरलेल्या एकट्या मनोऱ्याजवळ उभे राहून मोठा मुलगा म्हणाला, “हा पडायच्या आत लोकांनी बघायला पाहिजे.” अस्रनंतर निघालो आणि मगरिबच्या आत घरी पोहोचलो.

खर्चाचे म्हणाल तर डिझेल, दोन रात्रींचे लॉज आणि बाहेरचे जेवण मिळून एका लहानशा वलीम्याहूनही कमी झाला. त्यासाठी घरात एक डबा ठेवला होता. वर्षभर त्यात ज्याला जमेल तसे पैसे पडत होते, ईदी सुद्धा.

एखाद्या घराला चार दिवस जमणार नाहीत. त्यांनी एकाच दिवसाचा बेत करावा. धुळेकरांनी थाळनेर, जळगावकरांनी बुऱ्हाणपूर, चोपड्याच्या लोकांनी उनपदेव. फक्त निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला एकदा विचारावे, तुम्हाला कुठे थांबायचे आहे? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर थांबावे. आमच्या डब्यात पुढच्या वर्षाचे पैसे पडू लागले आहेत. इन्शाअल्लाह या वेळी नंदुरबार-तोरणमाळचा बेत आहे. तो दादींनीच काढला आहे.